सड्यावर घातलेली माती

पुष्कळ पिढ्यांमागे, राज्यं लहान होती आणि अरण्यं मोठी होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी; कारण हिच्यातली चूक एका मोठ्या माणसाची आहे, आणि ती त्याने चांगल्या मनाने केली.

एका राज्यात गेनबा नावाचा राजमाळी होता. वठलेलं खोड त्याने मातीत रोवलं तरी त्याला पालवी फुटते, असं लोक म्हणत. बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. राणीच्या बागेतली झाडं हाच त्याचा संसार. प्रत्येक झाडाच्या बुडाशी बोट खुपसून तो ओल बघायचा, पानं उलटी करून कीड बघायचा. त्याला एकच गोष्ट सहन होत नसे: उपाशी झाड. एखादं पान पिवळं पडलेलं दिसलं की त्याला अन्न गोड लागेना. टोपलीभर शेणखत आणून त्या झाडाच्या मुळाशी घातलं, मगच तो जेवायला बसायचा.

राजधानीच्या पाठीशी एक डोंगर होता. त्याचा माथा टोकदार नव्हता, चांगला कोसभर सपाट होता. सगळा जांभा दगड. अशा उघड्या कातळाला तिकडे सडा म्हणत. वर्षाचे आठ महिने सडा तव्यासारखा तापायचा. पावसाळ्यात मात्र दगडाच्या फटीफटीतून पाणी झिरपायचं, खोलगट जागी उथळ डबकी साचायची, आणि नखाएवढ्या मातीत बारीक बारीक झाडं उगवायची.

सड्याच्या कडेला धनगरांची दहाबारा घरांची वस्ती होती. त्यांच्या शेळ्या सड्यावरून चरत जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. वस्तीत ठकूबाई नावाची म्हातारी होती. सगळी वस्ती तिच्या शब्दाबाहेर नसे.

एका भाद्रपदात राणी सडा बघायला गेली. पालखीबरोबर गेनबाही होता. पाऊस उघडला होता आणि सगळा कातळ निळ्याजांभळ्या फुलांनी भरून गेला होता. त्या फुलांच्या मधे, ओल्या दगडाला चिकटून, लाल लाल रोपटी होती. प्रत्येक पानावर केसासारखे तंतू, आणि प्रत्येक तंतूच्या टोकावर चकाकणारा थेंब. ऊन चढलं तरी ते थेंब वाळत नव्हते. धनगर त्यांना दवबिंदू म्हणत.

राणी पालखीतून उतरली आणि खाली वाकली. “किती सुंदर आहे रे हे, गेनबा!”

तेवढ्यात एक पिवळं, नखाएवढं फुलपाखरू त्या थेंबांवर येऊन बसलं. ते उडायला गेलं, पण पाय सुटेनात. पंख फडफडले, तेही चिकटले. मग पानाचे तंतू हळूहळू त्याच्यावर वाकले. राणी बघत राहिली. फडफड थांबायला बराच वेळ लागला. राणी मनाने हळवी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एवढं देखणं रूप, आणि हा असला खाटकाचा धंदा? का, गेनबा?”

गेनबाने रोपट्याच्या बुडाशी बोट घातलं. बोटाचं पेरही आत गेलं नाही. खाली दगड लागला.

“उपासमार, राणीसाहेब,” तो म्हणाला. “इथे मातीच नाही. आहे तिच्यातलं सत्त्व पाऊस धुऊन नेतो. मुळांना काही मिळत नाही, म्हणून बिचारी किडामुंगी धरून पोट भरतात. दोन घास मिळाले, तर कशाला कुणाच्या जिवावर उठतील?”

“मग घाल की त्यांना दोन घास,” राणी म्हणाली. “तुझ्या हातून उपाशी झाड राहिलं, असं मी कधी पाहिलं नाही.”

गेनबाने तिथल्या तिथे शब्द दिला. चार माणसांच्या देखत दिला. परत येताना त्याची छाती अभिमानाने भरून आली होती. सबंध डोंगर भुकेला आहे आणि त्याला जेवू घालायचं काम आपल्याला मिळालं आहे, असं त्याला वाटत होतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. नदीकाठची काळीभोर गाळमाती बैलांच्या पाठीवर लादून वर जाऊ लागली. तिच्या मागून राजवाड्याच्या गोठ्यातलं कुजलेलं शेणखत. पाणी वाहून जाऊ नये म्हणून दगडांचे बांध घालायचे होते. शेळ्यांनी नवं लुसलुशीत रोप खाऊ नये म्हणून सडा राखायचा होता. गेनबाने दरबारात सांगितलं, “वस्ती तिथे असेपर्यंत माझ्या रोपांची धडगत नाही.” वस्तीने गुढीपाडव्याच्या आत सडा सोडावा, असा हुकूम निघाला.

हुकूम ऐकल्यावर ठकूबाई काठी टेकत एकटीच सड्यावर आली. गेनबा माती पसरून घेत होता. ती जवळ येऊन उभी राहिली.

“माळीबुवा, ह्ये काय मांडलंय?”

“आजी, या झाडांना खायला घालतोय.”

“त्येंनी मागितलं व्हय?”

गेनबा हसला. “झाड कधी मागतं का? ते ओळखावं लागतं.”

म्हातारी हसली नाही. “जरा चला माझ्यासंगं. लांब न्हाई. त्या टेकाडापल्याड.”

तो गेला. पलीकडे कातळावर एक ओलसर जागा होती. चहूकडे दवबिंदूंची वाळलेली, काळपट रोपटी दगडाला चिकटून होती. त्यांचं बी झडून गेलं होतं. पण मधे, वावभर, म्हणजे दोन हात पसरावेत एवढ्या घेरात, एकही रोपटं नव्हतं. तिथे नुसतं गवत माजलं होतं, गुडघ्याएवढं.

“आमी सड्यावर म्हशी बसू देत न्हाई,” ठकूबाई म्हणाली. “गेल्या साली एक चुकार म्हैस हितं आठ दिस बसली. तिच्या शेणावर ह्ये गवत आलं. आणि गवत आलं तवा ती लाल लेकरं गेली. बघून घ्या. गवताला खायला पायजे असतं, माळीबुवा. ह्येंना न्हाई. हितं खायला न्हाई म्हणून तर गवत येत न्हाई, आणि गवत येत न्हाई म्हणून ह्येंना ऊन मिळतंय. थोडं येतं त्ये आमची शेरडं खातात. ही निळी फुलं बघता न्हवं पावसात? तीबी शिकारीच. पाण्याखाली त्येंच्या बारीक पिशव्या असतात, पाण्यातलं किडं गिळतात. ह्यो सगळा सडाच तसा हाय. त्यो भुकेला न्हाई. त्यो असाच हाय.”

गेनबा त्या गवताकडे बघत उभा राहिला. चाळीस वर्षं त्याने झाडं वाढवली होती; समोर दिसतंय ते खरं आहे की नाही, हे कळायला त्याला क्षणभरही लागलं नाही. इथे थांबावं, असं त्याला वाटलं. खरोखर वाटलं.

पण राणीला दिलेला शब्द त्याला आठवला. शंभर बैल कामाला लागले होते. आता दरबारात जाऊन काय सांगायचं? एका शेळ्या वळणाऱ्या म्हातारीने मला झाडं शिकवली, हे? शिवाय हिला घर सोडायचं नाही. म्हणून काहीबाही सांगते आहे, असंही त्याने मनाशी म्हणून घेतलं. तसं म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

“आजी, ते म्हशीचं कच्चं शेण होतं,” तो म्हणाला. “त्याने मुळं जळली असतील. मी चांगलं मुरलेलं खत घालतोय.”

ठकूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुमाला कळलंय,” ती हळूच म्हणाली. “तुमच्या डोळ्यांत दिसलं मला.” आणि ती काठी टेकत निघून गेली.

पाडव्याच्या आधी चार दिवस वस्ती उठली. शेळ्या, कोंबड्या, डोक्यावर बोचकी, पाठीला बांधलेली पोरं. राजाच्या शिपायांनी त्यांना पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाच्या वाटेला लावलं. गेनबा त्या वेळी बांध घालण्यात गुंतला होता. त्याने मान वर केली नाही.

पहिला पाऊस सरला. नव्या मातीतून दवबिंदू वर आले. पूर्वीपेक्षा थोडे कमी होते, पण पानं लांब झाली होती. त्यांचा लाल रंग जाऊन ती हिरवी पडली होती. तंतूंवर थेंब फारसे नव्हते. बोट लावलं तर चिकटत नव्हतं. माश्या बसत आणि उडून जात.

गेनबा धावत राजवाड्यावर गेला. “राणीसाहेब, त्यांनी मारणं सोडलं!”

राणीने त्याला भर दरबारात शेला दिला. कवींनी त्याच्यावर पदं केली. दयेने हिंसा जिंकणारा माळी, असं त्याचं नाव दूरच्या राज्यांत गेलं. गेनबाला ते आवडलं. रात्रीची झोपही त्याला छान लागू लागली. पायथ्याच्या वाडीतली माणसं सांगायला आली की झऱ्याच्या पाण्याला यंदा शेणाचा वास येतोय, तेव्हा तो म्हणाला, “येईल थोडे दिवस. सवय होईल.”

खरी गोष्ट ही होती की रोपटी मरत होती. मरणाऱ्याच्या हातात बळ नसतं, तसं त्यांच्या पानात थेंब धरायचं बळ उरलं नव्हतं. पण ते तेव्हा कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या पावसात गवत कमरेला लागलं. बांधांच्या आत टाकळा माजला. आरशासारखी डबकी हिरवी, गढूळ झाली आणि त्यांतली बेडकं कुठेतरी निघून गेली. गेनबा रोज वर जायचा, गवत उपटायचा, त्याच्या बुडाशी दवबिंदू शोधायचा. आधी पाच-पंचवीस सापडले. मग दोन-तीन. ते पांढरट, लांबुडके, अंधारात वाढलेल्या कोंबासारखे. एक दिवस त्याने, आजाऱ्याला वारा घालावा तसं, हाताने गवत बाजूला धरून एका रोपट्यावर ऊन पाडलं आणि दुपारभर तसाच बसून राहिला. चौथ्या दिवशी तेही कुजलं.

तिसऱ्या भाद्रपदात राणीने पालखी मागवली. बरोबर परराज्यातली पाहुणी होती. तिला फुलं दाखवायची होती. पालखी वर पोचली. समोर गवत वाऱ्यावर डुलत होतं, दुसरं काही नव्हतं.

“गेनबा, ती कुठे आहेत?”

गेनबाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. यंदा पाऊस उशिरा झाला, असं म्हणता आलं असतं. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ठकूबाईने दाखवलेला तो गवताचा वावभर घेर आला.

“संपली, राणीसाहेब. मी संपवली. मला आधीच सांगितलं होतं, दाखवलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी माती घातली.”

पाहुणीच्या देखत त्याने सगळं सांगितलं. वस्ती उठवली तेही. राणी म्हणाली, “हुकूम माझा होता. मीही विचारलं नाही. जा, त्या आजीला शोध. तिला म्हणावं, परत या.”

गेनबा पायी निघाला. घाट मागे पडला, झाडं विरळ झाली, मग माळरान लागलं. सहाव्या दिवशी एका वाळलेल्या ओढ्याकाठी त्याला काट्याकुट्यांची चार खोपटं दिसली. पूर्वी दहाबारा घरं होती.

ठकूबाई एका खोपटाच्या दाराशी बसली होती. डोळ्यांवर पडदा आला होता. पावलांच्या आवाजाने तिने मान वळवली.

“कोण हाय?”

“गेनबा माळी, आजी.”

आतून तिची लेक आली आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली. पाणी मचूळ होतं. गेनबा ते प्यायला.

“गेलं न्हवं सगळं?” म्हातारीने विचारलं.

“गेलं.”

“आमचंबी गेलं. पयल्या उन्हाळ्यात निम्मी शेरडं मेली. मग माणसं पोटामागं पांगली. माझा धाकटा कुठं हाय, मला ठाऊक न्हाई.” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर गेनबाला सोपं गेलं असतं. “तुमी झाडांच्या पोटाची काळजी केली, माळीबुवा. आमच्या पोटाचं इचारलं न्हाई.”

गेनबाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

“आजी, काय करू? पुन्हा येतील का ती?”

“तुमची माती काढा. शेवटचा कण धुऊन निघंपातूर काढा. गवत आपसूक मरंल. त्येंचं बी धुळीवानी बारीक. तीन सालं तुमच्या खताखाली कुजलं का वाचलं, कोण सांगणार?”

“तुम्ही परत चला. राणीसाहेबांनी बोलावलंय.”

“मला आता वाट दिसत न्हाई,” ठकूबाई म्हणाली. “पोरांना सांगते. येतील त्ये येतील.”

गेनबा परतला. त्याने राजबाग दुसऱ्या माळ्याच्या हाती सोपवली आणि सड्याच्या कडेला झोपडी बांधली. बैल मागितले नाहीत. एक कुदळ, एक केरसुणी, एक पाटी. माती कातळावरून खरवडायची, पाटीत भरायची, डोंगर उतरून नदीत नेऊन टाकायची आणि पुन्हा चढायचं. पावसाळ्यात केरसुणीने दगडांच्या खाचा साफ करायच्या. जे शंभर बैलांनी एका हिवाळ्यात वर नेलं होतं, ते खाली न्यायला एका माणसाला अकरा वर्षं लागली.

कातळ पुन्हा उघडा दिसू लागला. गवत खुरटलं, पिवळं पडलं, नाहीसं झालं. पिवळं पान दिसलं की ज्याचा जीव तळमळायचा, तो गेनबा आता पिवळ्या पानाची वाट बघत बसायचा. डबकी निवळली. झऱ्याचा वास गेला. सातव्या-आठव्या वर्षी कुठे कुठे निळी फुलंही आली, मूठ मूठ. पण लाल काही दिसलं नाही. प्रत्येक भाद्रपदात गेनबा हातापायांवर रांगत सगळा सडा बघायचा. गुडघे फुटायचे. पाण्याचा नुसता थेंब ओल्या दगडावर चमकला तरी तो तिथेच थबकायचा. मग ऊन चढायचं आणि तो थेंब वाळून जायचा.

बाराव्या वर्षी धनगरांची तीन घरं परत आली. ठकूबाई मागेच वारली होती. तिच्या नातवाचं लग्न तिकडे कोरड्या मुलखातच झालं होतं. त्याची बायको हा डोंगर पहिल्यांदाच बघत होती. दोन दिवसांनी ती शेळ्या घेऊन सड्यावर आली. एक वाकलेला म्हातारा दगडाची खाच बोटाने कोरताना तिला दिसला. तो कोण, हे तिला माहीत नव्हतं.

“आजोबा,” तिने विचारलं, “आमची आजी सांगायची, हितं लाल लाल झाडं हायत म्हणं. उन्हातबी त्येंच्यावरचं दव वाळत न्हाई. कुठशी हायत ती?”

“इथेच होती,” गेनबा म्हणाला. “तू उभी आहेस तिथेही होती.”

ती दचकून एक पाऊल मागे सरली. पायाखाली नुसता ओला दगड होता. “मग गेली कुठं?”

गेनबाने खाचेतलं बोट बाहेर काढलं. शेळ्या पुढे चरत गेल्या.

“मी त्यांना जेवू घातलं, पोरी,” तो म्हणाला.

तिला ते कळलं नाही. म्हातारा भ्रमिष्ट असावा असं समजून ती शेळ्यांमागे गेली. गेनबा त्यानंतर दोन पावसाळे जगला आणि दोन्ही पावसाळ्यांत त्याने सडा रांगून पाहिला. धनगर परतले त्याच वर्षी राणीने हुकूम काढला होता की सड्यावर कुणी काही पेरू नये, काही घालू नये, आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय तिथला दगडही हलवू नये. हुकूम योग्यच होता. तो पंधरा वर्षं उशिरा निघाला. त्या डोंगरावर पुन्हा कुणी दवबिंदू पाहिले नाहीत.

म्हणून लहानमोठ्यांनो, एवढं लक्षात असू द्या: ज्याचं भलं करायचं, त्याचं जगणं आधी समजून घ्यावं, न समजता केलेली दया जीव घेते, आणि मागून झालेला पश्चात्ताप तो जीव परत आणू शकत नाही.